पान चौसष्टवरच्या दोन ओळी

एल्क क्रॉसिंग, मिनेसोटा
रविवार, २ नोव्हेंबर

व्हर्ना,

दोन हजार टर्की एकदम ओरडल्या की कसा आवाज होतो, ते तुझ्या तिथल्या वाळवंटातल्या शेजाऱ्यांना सांगून कळायचं नाही. मी तेव्हा सोळा वर्षांचा. मिस हॉगननं शाळेत पाठ करून घेतलेल्या कविता मी वडिलांच्या माळावर पाणी भरता भरता मोठ्यानं म्हणायचो. ओळ संपली, मी श्वास घ्यायला थांबलो, की अख्खा कळप मानेला झटका देऊन एका सुरात गुडगुडायचा. पुढची ओळ, पुन्हा गुडगुड. तू अकरा वर्षांची. कुंपणावर बसून ओरडायचीस, "हार्लन, त्यांना कळली बघ! आम्हाला कुठे कळते!" आणि आयलीन तुझी वेणी ओढून तुला खाली उतरवायची.

आज सकाळी तो आवाज कानात आला आणि घडीभर तुझ्याबद्दल बरं वाटलं. ते आता गेलं. कामाचं लिहितो.

मारित सप्टेंबरात येऊन गेली. माझा फ्रिज उघडून बराच वेळ आत बघत राहिली. दूध, मोहरीची बाटली आणि अर्धा कांदा, एवढंच होतं. म्हणाली, "बाबा, आई जाऊन सात महिने झाले. तुझी पँट दोरीनं बांधलेली आहे." मी म्हटलं, पट्टा सापडत नाही. तिनं पट्टा माझ्याच कमरेवर दाखवला, दोरीच्या खाली. मग अट घातली. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी ती, तिचा नवरा आणि दोन मुली नेहमीसारख्या येणार. आदल्या दिवशीच्या टर्कीचा तो सायीचा भाजलेला पास्ता, आयलीन दर वर्षी शुक्रवारी करायची तो, मी करायचा. जमला तर राहायचं या घरात. नाही जमला तर जानेवारीपासून वृद्धाश्रमातली खोली. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. मी पाहून आलोय.

आयलीननं तो पास्ता कधी बघून केला नाही, तिच्या हातात होता. चर्चच्या शताब्दीच्या पाककृतींच्या पुस्तकात तो आहेच, पान चौसष्टवर. पण तुमच्या आईची नेमकी रीत तू लिहून पाठवावीस. उगाच शंका नको म्हणून. गावात कुणाला विचारणं मला बरं दिसत नाही.

हे मी उपकार म्हणून मागत नाही. सख्खी बहीण गेली तेव्हा तू आली नाहीस. दुकानातली फळांची टोपली पाठवलीस, चकचकीत कागदात गुंडाळून. दफनानंतर इथल्या बायकांनी चर्चच्या तळघरात तेवीस भांडी मांडली होती, गरम, प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. मधोमध तुझी टोपली. मी त्यातलं एक सफरचंद तोंडाला लावलं नाही. शेजारच्या ऑर्व्हिलनं चार खाल्ली. फार गोड होती म्हणे. त्याला काहीही गोड लागतं.

पाककृती पाठव. बाकी काही लिहू नकोस.

हार्लन


मंगळवार, ११ नोव्हेंबर

व्हर्ना,

तुझं कार्ड मिळालं. पुढे निवडुंगाचं चित्र, मागे एक ओळ. "पान चौसष्ट. करून खा. दात सांभाळ." शहात्तर वर्षांच्या बाईला शोभेल असं काही लिहिता आलं नाही तुला?

म्हणजे अजून तेच धरून बसलीस. नऊ वर्षं! मग मीही बोलतो. तेव्हा बोललो नव्हतो.

तुझ्या मुलाच्या लग्नाचं जेवण होतं. सुनेकडची साठ माणसं मिनियापोलिसहून आलेली. आयलीन म्हणाली होती, मी येते करू लागायला. तू म्हणालीस, नको, या वेळी मी एकटी करते, चर्चच्या पुस्तकात तुझी पाककृती आहे की. सहा मोठी भांडी केलीस. आणि तळघरात सगळ्यांसमोर काटा त्या पास्त्यात उभा राहिला, पडेना. आपल्या चर्चमधली लोर्ना पलीकडच्या टेबलावरून ओरडली, "व्हर्ना, हे खायचं की कोठाराच्या भिंतीला लिंपायचं?" सुनेच्या आईनं तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. मला दिसलं. हे सगळं झालं, नाही म्हणत नाही.

पण दुसऱ्या दिवशी तू आमच्या स्वयंपाकघरात आलीस. मी टेबलाशी पेपर वाचत बसलो होतो. तू पुस्तक ओट्यावर आपटलंस. "काय गाळलंस यातून? सांग ना! दुसऱ्या बायकांना फसवतेस तसं मलाही?" आपल्या चर्चच्या बायकांची ती खोड सगळ्यांना माहीत आहे. पाककृती मागितली की हसत हसत द्यायची, आणि एक जिन्नस पोटात ठेवायचा. पण आयलीन तसली नव्हती. तिनं हात पुसले आणि एवढंच म्हणाली, "व्हर्ना, झालं ते झालं. सोड." तू दार असं आपटलंस की बाहेरचा तापमापक खाली पडला. मग गावभर सांगत सुटलीस की बहिणीनं मुद्दाम केलं. आणि हिवाळ्याच्या आत घर विकून ऍरिझोना.

आयलीननं काहीही गाळलेलं नव्हतं. मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्या पुस्तकाची एकशेअठ्ठावीस पानं मी स्वतः टाइप केली आहेत, दोन बोटांनी, दोन हिवाळे. काय दिलं गेलं आणि काय छापलं गेलं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

तेव्हा पाककृती दे, आणि माझ्या बायकोचं नाव तोंडातून काढू नकोस.

हार्लन


बुधवार, १९ नोव्हेंबर

व्हर्ना,

तुझं दोन पानी पत्र काल आलं. फाटकाशीच उभं राहून वाचलं. मग पुन्हा आत येऊन वाचलं.

आधी माझी कबुली घे, तुला आनंद होईल. पान चौसष्टवरचा पास्ता मी ऑक्टोबरातच एकदा केला होता. पहिल्या पत्रात लपवलं. परवा पुन्हा केला. स्पॅगेटी मोडून उकडली. लोणी, मैदा, मश्रूम सूपचा डबा, साय, मटार, वर चीज आणि पावाचा चुरा. सगळं पुस्तकात आहे तस्सं. ओव्हनमधून काढलं तर वरून सोनेरी, बघत राहावं असं. चमचा घातला, चमचा वाकला. ऑर्व्हिल होता बसलेला. ताटली हातात उलटी धरून म्हणाला, "हार्लन, पडत नाही रे! ही तर गॅरेजच्या दाराला टेकण म्हणून लावता येईल." वर पुन्हा म्हणतो कसा, "व्हर्नाचं तसंच झालं होतं, आठवतं? बिचारी." मी त्याला घरी जायला सांगितलं. तो चीजचा वरचा थर खरवडून घेऊन गेला.

आता तुझ्या पत्राचं.

तू लिहिलंस, आईची रीत तुला पुरती माहीत नव्हती, पण ऍरिझोनात चार वेळा करून करून तू ती शोधून काढलीस. ठीक. तू लिहिलंस की फेब्रुवारीत तू विमानाचं तिकीट काढलं होतंस. पेटी भरून विमानतळावर जाऊन बसलीस. आणि तुझ्या मनात आलं, तिच्या शवपेटीसमोर उभी राहूनही मी तिला हेच विचारणार, का गं केलंस? त्यापेक्षा न गेलेलं बरं. आणि उठून घरी आलीस. रस्त्यात फळांच्या दुकानाशी टॅक्सी थांबवलीस.

हे मला लिहायची काही गरज नव्हती. काल माझं जेवण गेलं.

आणि शेवटी ती अट. "पाककृती हवी ना? मग आधी तुझ्या हातानं लिहून पाठव. 'आयलीननं मुद्दाम केलं.' एवढं एकच वाक्य. तिनं मला नऊ वर्षांत ते दिलं नाही, तू दे. ते मिळालं की मी सगळं कप-चमच्यांसकट लिहीन."

तुला लाज नाही. मेलेल्या बाईवर सही मागतेस, तीही तिच्या नवऱ्याची. लिहिणार नाही. वृद्धाश्रमात गाड्या मोजत बसेन, पण लिहिणार नाही. तुझं ते वाळवंट तुला लखलाभ, आणि तिथे तू कायमची राहा. या दारात आलीस तर मी उघडीन असं समजू नकोस.

हार्लन


गुरुवार, २७ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग

व्हर्ना,

टर्की चांगली झाली. तेवढी मला येते, जन्म गेला त्यांच्यात. ऑर्व्हिल आणि त्याची बायको जेवून गेली. अर्धी टर्की उरली आहे, मांस सोडवून फ्रिजमध्ये ठेवलं आहे, हाडं मोठ्या पातेल्यात मंद शिजताहेत. घरभर वास आहे. या वासात खोटं लिहिणं कठीण जातं, म्हणून आत्ताच बसलो.

काल मी ते वाक्य लिहिलं होतं.

"आयलीननं मुद्दाम केलं." तीनच शब्द. चांगल्या अक्षरात, वळणदार, मिस हॉगनला आवडलं असतं. पाकिटात घातलं, तिकीट लावलं, फाटकाजवळच्या टपालपेटीत ठेवलं आणि टपालवाल्यानं उचलावं म्हणून पेटीचा तांबडा झेंडा वर केला. मनाशी म्हटलं, आयलीन आता कुठे वाचणार आहे? व्हर्नाला शांत वाटेल, मला घर राहील, मारित खूश. कुणाचंच काही जात नाही. या शुक्रवारपर्यंत तुझं उत्तर यायचं नाही हेही मला कळत होतं. तरी लिहिलं, कारण ते लिहिल्यावर सगळं मिटलं असतं, कायमचं, आणि माझ्याकडे कुणी बघितलं नसतं. घरात येऊन कॉफी ओतली. कप हातात धरून खिडकीतून तो झेंडा बघत राहिलो. मग सपाता घालून बर्फातून धावलो. या वयात. टपालवाला वळणावर आला होता. मी झेंडा खाली ओढून पाकीट कोटात घातलं. तो गाडीची काच खाली करून म्हणाला, "काय हार्लन, प्रेमपत्र परत घेतोस?"

चुलीत टाकलं ते. आता खरं लिहितो. बसून वाच.

पुस्तकाच्या प्रत्येक पानाखाली थोडी जागा उरायची. ती भरायला बायकांनी मला सांगितलं होतं, काहीतरी छान छान घाल. बायबलातली वचनं घालत होतो. पण पान चौसष्ट पुस्तकाच्या बरोबर मधलं, जिथे पुस्तक आपोआप उघडतं. तिथे मला माझी कविता हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कविता म्हटल्या. एकदा, एकाच ठिकाणी, माझी छापून यावी एवढी इच्छा होती. चार ओळींची कविता. आणि आयलीनची पाककृती दोन ओळींनी लांब होत होती.

मी त्या दोन ओळी कापल्या.

वाटलं, हे काय सांगायला हवं? शिजवणाऱ्या बायकांना कळतंच की. त्या ओळी पाण्याच्या होत्या. पास्ता उकडल्याचं पाणी राखून ठेवायचं, की हाडांचा रस घालायचा, किती कप, कधी, ते मला आज आठवत नाही. खरंच आठवत नाही. तिनं पाककृती लिहून दिलेलं कार्ड मी तुझ्या त्या जेवणानंतर चुलीत टाकलं. म्हणून तर तुझ्या पायाशी यावं लागलं. पण कविता तोंडपाठ आहे, बघ:

पहिल्या हिमाच्या शुभ्र चादरीत
निजले शेत, निजली वाट,
तुझ्या कृपेने चुलीत ऊब,
तुझ्या कृपेने भरले ताट.

भरलं ताट. साठ माणसांची ताटं भरली मी त्या दिवशी.

आयलीनला माहीत होतं. पुस्तक छापून आलं त्याच दिवशी तिनं पान उघडलं आणि म्हणाली, "हार्लन, माझ्या दोन ओळी कुठे गेल्या?" मी म्हटलं, जागा नव्हती. तिनं खाली कविता वाचली. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "छान आहे. शेवटची ओळ छान आहे." तुला सांगायचं तिच्या मनात होतं. पण पुस्तक सगळ्यांना आवडलं, ती विसरली, मी तर विसरलोच. तू तिला येऊ दिलं असतंस त्या दिवशी करू लागायला तर तिनं पाणी घातलंच असतं. हे बघ, अजून तुझ्यावर ढकलतोय.

आणि तू ओट्यावर पुस्तक आपटलंस तेव्हा मी तीन हातांवर बसलो होतो. आयलीननं माझ्याकडे बघितलं. मी पेपर वर उचलला. आणि वर उचललेलाच ठेवला. ती थोडा वेळ थांबली, मी बोलीन म्हणून. मग तुला म्हणाली, झालं ते झालं.

तू गेल्यावर मी म्हटलं, मी सांगू का तिला? ती म्हणाली, "गावाला कळलं तर ती कविता तुला जन्मभर ऐकवतील. तू परत कधी लिहिणार नाहीस. मला काय, माझी बहीण आहे, वर्षभरात राग जाईल तिचा." वर्षभर झालं. मग दुसरं. दर नाताळात कार्ड लिहायची आणि टेबलावर ठेवायची, माझ्यासमोर. पोस्टात टाकायची नाही. मला वाटतं ती वाट बघत होती. तुझी नव्हे, माझी. मी मात्र विचारायचो, "व्हर्नाला लिहिलंस का?" जणू मला काही माहीतच नाही.

कविता मी त्यानंतर एकही लिहिली नाही. तिचा तो हिशोबही चुकला.

उद्या सकाळी पत्र टाकीन. आता पाणी अंदाजानं घालावं लागणार.

हार्लन


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

व्हर्ना,

सकाळी टाकलं नाही. रस्ता बर्फानं भरला होता, ही एक सबब. दुसरी सांगत नाही.

पास्ता केला. घट्ट होऊ नये या भीतीनं हाडांचा रस पातेलंभर ओतला. ओव्हनमध्ये उतू गेला, धूर झाला, मटार वर तरंगायला लागले. मारित आणि सगळे चार वाजता आले. मी भांडं टेबलावर मांडलं. धाकटीनं बशीत बघितलं आणि विचारलं, "आजोबा, हे सूप आहे का?" मोठीनं तिला टेबलाखालून लाथ मारली. सगळ्यांनी चमच्यानं खाल्लं. मारितचा नवरा दोनदा वाढून घेऊन म्हणाला, चव आहे हं. चव होती. खोटं कशाला सांगू.

मारितनं चमचा खाली ठेवला. "बाबा, आईचा असा नव्हता. पाककृती बघून केलास ना?"

इथे मी "हो" म्हणून पास झालो असतो. मारित थोडी वैतागली असती, हसली असती, पुढच्या वर्षी नीट कर म्हणाली असती. मी म्हटलं, पाककृतीतच चूक आहे. कुणी केली, ते सांगतो.

सगळं सांगितलं. कालच्या पत्रात आहे तेवढं, त्याच क्रमानं. मुलींसमोर.  संपल्यावर मारित उठून सिंककडे गेली, माझ्याकडे पाठ करून.

"आई दर रविवारी दुपारी फोनशेजारी विणत बसायची," ती म्हणाली. "मला वाटायचं तिला ती खुर्ची आवडते."

"मारित..."

"तू कुठे असायचास रे तेव्हा?"

"समोरच."

"घराचं मग बघू. तुला शिजवता येतं, ते दिसलं मला, सूप का असेना. आधी मावशीला हे सांग. ते होईपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि पत्रानं नाही. लिहिण्यातच तर घातलास सगळा घोळ." मग मुलींना कोट घालायला लावून बाहेर घेऊन गेली. आता परत आलेत सगळे, पण बाहेरच्या खोलीत बसलेत, हळू बोलतात. मी इथे टेबलाशी, कालचं पत्र डावीकडे, हे उजवीकडे. फोन भिंतीवर आहे. तुझा नंबर आयलीनच्या अक्षरात त्याच्या शेजारी चिकटवलेला आहे. दोनदा उठलो आणि बसलो. काय म्हणून सुरुवात करायची? हॅलो व्हर्ना, मी हार्लन, आणि पुढे?

फाटकाशी गाडी थांबली आहे. ऑर्व्हिलची नाही, ती खडखडते. टॅक्सीसारखी दिसते. या बर्फात गावात टॅक्सी कुठली?

एक बाई उतरली. तिच्या अंगावर पातळ, पिवळा कोट आहे, इकडच्या थंडीत कुणी घालणार नाही असा. चाकांची पेटी बर्फात ओढते आहे आणि पेटीला शिव्या घालते आहे. काचेतून ऐकू येत नाही, पण तोंड हलतंय. ते तोंड मी ओळखतो.

माझं वाक्य आलं नाही म्हणून घ्यायला आलीस. दुसरं कशाला येशील?

मारितलाही दिसलीस तू. दारापर्यंत गेली, थांबली, वळून माझ्याकडे बघतेय. "मी फोन केला नव्हता, बाबा," म्हणाली. अट मोडून बोलली.

तू पायऱ्या चढलीस. बूट आपटून बर्फ झाडते आहेस. ठोकलंस. माझ्या हातात पेन आहे, आणि तू दाराच्या पलीकडे अजून आयलीनवरच रागावलेली उभी आहेस.

मारितला म्हटलं, तू बस. मी उघडतो.